मी बना होती

२ डिसेंबर २०२४, खामगाव

निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी सकाळचे दहा वाजले की माझा हात खडू शोधतो. आज हाताला काम मिळालं. पुण्याहून ऋत्विकचा फोन आला. हा माझ्या पुस्तकाचा संपादक. वय बत्तीस, गांभीर्य साठीचं. खामगावच्या कापसाच्या जिनांत राबलेल्या बायांवरचं माझं पुस्तक मार्चअखेर छापायला जाईल म्हणाला. त्याआधी त्याला दोन गोष्टी हव्यात. प्रस्तावनेत स्वतःविषयी चार पानं, आणि बायांच्या मुलाखती मूळ बोलीत, जशाच्या तशा.

फोन ठेवून एकटीच हसले. तीस वर्षांपूर्वी पुण्यातच माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं, हे वऱ्हाडी परीक्षकांच्या डोक्यावरून जाईल, प्रमाण भाषेत आणा. मी सहा महिने बसून एकशेबारा बायांचं बोलणं धुतलं, पिळलं, इस्त्री केलं. आता पुण्यालाच ते चुरगळलेलं हवंय.

पण सरांबद्दल वाईट लिहवत नाही. मजुराच्या पोरीला त्यांनी आपल्या घरच्या टेबलावर बसवून लिहायला शिकवलं. चार पानांत पहिलं नाव त्यांचं.

५ डिसेंबर

चार पानं लिहायला बसले आणि तीन पानं आभारांचीच झाली. काय करू, खरंच तसं आहे. जन्म हिवरा आश्रमापासून दोन कोसांवरच्या खेड्यात, आई-बाबा दोघंही दुसऱ्याच्या वावरात. बाबांनी नाव समता ठेवलं आणि म्हणाले, नाव मी ठेवलं, खरं करणं तुझ्याकडे. पुढे खामगावला कॉलेज, अमरावतीला एम.ए., आणि परत खामगावलाच एकतीस वर्षं इतिहास शिकवला.

कामगारांच्या इतिहासाकडे कशी वळले, असं ऋत्विक विचारतो. वळले कसली, पोतंच अंगावर पडलं. १९९४ साली स्टेशनाकडचं एक जुनं जिन मोडीत निघालं. (कापसातली सरकी काढायचा कारखाना तो जिन, हे पुण्याच्या वाचकासाठी लिहायला हवं.) तिथले म्हातारे मुनीम ज्ञानेश्वरराव. हजेरीची सगळी मस्टरं त्यांनी रद्दीत न घालता पोत्यात भरून माझ्या लुनावर लादून दिली. त्या पोत्यात मला बनाबाई सापडली.

बनाबाई सहदेव. १९५८ ते १९७७, एकोणीस हंगाम. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज हजेरी, आणि नावापुढे एकही खाडा नाही. बाकीच्या बायांच्या ओळी खाड्यांनी भरलेल्या आणि हिची ओळ कशी सारवलेल्या अंगणासारखी. तिला मी पाहिलं नाही, १९८९ सालीच ती वारली होती. पण तिला पाच मुलं झाली आणि त्यातली तीन ऐन हंगामात, हे मी नगरपालिकेच्या जन्मनोंदींतून हुडकून काढलं. 'पाच बाळंतपणं, खाडा शून्य' हा माझा लेख त्यावर उभा राहिला. बाई बाळंत होते आणि दुसऱ्या दिवशी जिनात हजर, हे वाचून दिल्लीच्या परिषदेत लोक उठून उभे राहिले होते. त्या लेखानं मला नाव दिलं, प्राध्यापकी दिली, देश दाखवला. बनाबाई नसती तर मला कोणी विचारलंही नसतं.

११ डिसेंबर

कॉलेजात गेले होते. बनाबाई पुरस्काराची बैठक. निवृत्त झाले तरी समितीवर मला ठेवलंय, त्यांचा मोठेपणा. २००९ मध्ये माझ्या भाषणानंतर संस्थेनं हा पुरस्कार सुरू केला. वर्षभरात एकही रजा न घेणाऱ्या महिला कर्मचाऱ्याला दर आठ मार्चला सभागृहात, बनाबाईच्या हार घातलेल्या फोटोखाली सन्मान. नियम माझ्याच हाताने लिहिलेले.

यंदा ग्रंथालयातल्या महामायाचं नाव आहे. चार वर्षांत तिची एकही रजा नाही. पावसाळ्यात पायाला प्लॅस्टर होतं तरी रिक्षा करून यायची. मी तिला म्हणाले, शाब्बास, शोभतेस बनाबाईची. ती नुसती हसली. बोलायला लाजते बिचारी.

पुष्पांजली बैठकीत फार बोलली नाही. माझ्यानंतर विभागप्रमुख तीच. २०११ मध्ये ती तासिका तत्त्वावर होती, तेव्हा बाळंतपणासाठी तीन महिने तास राखून ठेवाल का म्हणून विचारायला आली होती. नियमात बसत नव्हतं. मी तिला बनाबाईची गोष्ट सांगितली होती आणि पोरगी खरंच एकविसाव्या दिवशी वर्गावर उभी राहिली. अशी माणसं घडवली याचं समाधान वाटतं. पूर्वी रविवारी घरी यायची, अलीकडे येत नाही. संसार आणि नोकरी, वेळ कुठला मिळणार.

१५ डिसेंबर

जुन्या कॅसेटी मुलाने मागेच संगणकावर चढवून दिल्या होत्या. आजपासून कानाला लावून बसले आहे आणि मूळ बोली उतरवते आहे. काय गोड बोलतात या बाया! मी यांना इस्त्री का केली? चंद्रशेखर (माझे यजमान, एस.टी.तून निवृत्त, घरातले अखंड टीकाकार) चहा ठेवून म्हणाले, "तुह्या थिसिसमधल्या बाया सगळ्या सदाशिव पेठेतल्या वाटत. मी तवाच म्हणत होतो."

कॅसेट चौदा, वच्छलाबाई, १९९५. बनाबाईच्या शेजारची, कुणब्यांची बाई. दोघी एकाच चाळीत राहायच्या. ती म्हणते: "बना पोटुशी होती. मंग मी बना होती." आमच्या लोकांना 'अन्' खायची सवयच. प्रबंधात मी ते दुरुस्त केलं होतं: "बना गरोदर होती. मग मी आणि बना सोबतच होतो." खाली टीपही दिली होती, स्त्री-कामगारांमधील परस्पर आधार. आता ऋत्विकला मूळचंच हवं तर मूळचं. पाठवून दिलं.

१९ डिसेंबर

ऋत्विकची शंका आली. "'मी बना होती' म्हणजे काय? 'मी बना होते' असं हवं का?"

मी चिडून उत्तर लिहिलं की वऱ्हाडीत बाई स्वतःबद्दल 'मी गेली, मी होती' असंच बोलते. पुण्यात बसून बोली हवी असेल तर थोडी शिकून घ्या.

पाठवलं, आणि मग माझंच वाक्य पुन्हा वाचलं. 'मी होती' हे एकवचन आहे. दोघी असत्या तर वच्छलाबाई 'आमी होतो' म्हणाली असती. ही काय खात होती मग? 'अन्' नव्हतीच खात.

जाऊ दे. बोलण्याच्या ओघात होतं.

२० डिसेंबर

कॅसेट चौदा पुन्हा ऐकली. चार ठिकाणी आहे. "त्या साली मी बना होती." "दिवाळीपासून मीच बना." मी चारही ठिकाणी दुरुस्ती केलेली आहे. 

२ जानेवारी २०२५

वच्छलाबाई जिवंत आहे. शहाऐंशी वर्षांची, अमडापूरला लेकाकडे. आज चंद्रशेखरना घेऊन गेले. लेक गणेश, एकसष्ट वर्षांचा, शेती करतो. त्यानं ओळख नसताना ओसरीत खाट टाकली, उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे ठेवल्या. वच्छलाबाईला कमी दिसतं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. "टेपवाली पोरगी," म्हणाली. मी साठीची आहे, पण बरं वाटलं.

मी विचारलं, बनाबाईचा एकही खाडा नव्हता, ते कसं?

ती म्हणाली, "कसा राहीन खाडा? दोघी होतो ना आमी." आणि मग सगळं सांगितलं, जसं काही कालचं. पहिल्या लेकराच्या वेळी वच्छलाबाई तीन दिवस गेली नाही तर तिचं नाव मस्टरातून कटलं. नाव कटलं की परत लागायची आशा नाही. तेव्हा बनाबाई म्हणाली, माझ्या नावावर ये. त्या दिवसापासून एका नावात दोघी. एक जिनात, एक घरी दोघींची लेकरं घेऊन. कधी ही पोटुशी, कधी ती. नऊ बाळंतपणं त्या एका नावानं काढली. कापसाची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून सगळ्याच बाया डोक्यापासून नाकापर्यंत पदर बांधायच्या, नुसते डोळे दिसायचे.

मुकादमाला कळत नव्हतं का, असं मी विचारलं.

"त्याले हाजरी पायजे होती," ती म्हणाली, "तोंड नाई."

गणेश दारात उभा राहून ऐकत होता. त्यालाही हे नवीन होतं. त्यानं विचारलं, "मंग माय, मी कोनाच्या अंगावर प्यालो?"

"जे घरी राहे तिच्या," वच्छलाबाई म्हणाली आणि शेंग सोलत राहिली.

त्या काळात, त्या चाळीत, कुणब्याचं लेकरू दलित बनाबाईच्या अंगावर. दोन्हीकडच्या माणसांना कळलं असतं तर काय झालं असतं हे मला कोणी शिकवायला नको. गणेश वावराकडे निघून गेला.

निघताना म्हातारीनं माझा हात धरला. तिनं जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण ते मला सोसत नाही. "तुले तवाच सांगतलं होतं मी. तू लिहून बी घेतलं. तुहा लेख छापून आला तवा शेजारच्या मास्तरनं वाचून दाखवलं, तर त्यात ते नवतं. मले वाटलं, पोरगी शिकेल हाय, समजली अन् आमची झाकली. लय उपकार झाले बाई तुहे."

 चहा घेतला आणि आले.

३ जानेवारी

मला स्वतःला बाळंतपणाची नव्वद दिवस रजा होती. आई येऊन राहिली होती, मला उठू देत नव्हती. हे सगळं अंगावरून गेलेलं असताना मी लिहिलं की बाई बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी जिनात गेली. लिहिताना एकदाही हात थांबला नाही. मस्टरावर विश्वास ठेवला आणि बाईच्या तोंडच्या शब्दाला चूक ठरवून लाल शाई लावली. त्या शाईचे उपकार म्हातारी तीस वर्षं मानत बसली.

१४ जानेवारी

संक्रांत. प्रतीक्षा तिळगूळ घेऊन आली. बनाबाईची नात, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दर वर्षी येते, पाया पडते, म्हणते मॅडम तुमच्यामुळे आमच्या आजीला जग ओळखतं. आज तिच्यापुढे मी चोरासारखी बसले होते. मी हे सांगितलं तर तिच्या आजीचं काय उरतं? चार भिंतींच्या घरात त्यांना मिरवायला एवढी एकच गोष्ट आहे. आणि माझं तरी काय उरतं? लेख, पुस्तकाचं मधलं प्रकरण, पुरस्कार, सगळं त्या एका स्वच्छ ओळीवर उभं.

न सांगता पुस्तक छापून टाकावं, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू. बऱ्याचदा आलं.

१९ जानेवारी

चंद्रशेखरना विचारलं. म्हणाले, "चुकीची पाटी लावेल एस.टी. चालूच ठेवत नसते. पुढच्या स्टॉपवर उतरून पाटी बदलाव लागते." वर म्हणाले की लोकांना नसेल सांगायचं तर नको सांगू, पण मग रोज असं तोंड करून बसू नको. यांचं हे असं. पण झोप लागली.

२ फेब्रुवारी

पुन्हा अमडापूर. आज एकटी गेले. वच्छलाबाईपुढे बसून सांगून टाकलं की मी झाकलं नव्हतं, मला समजलंच नव्हतं. तुमचं बोलणं मी चूक समजून सुधारलं.

 "म्हंजे तुले कळलंच नवतं?"

नाही म्हणाले.

"एवढी शिकून?" आणि हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. सुनेनं पाणी आणून दिलं. मला रडू यायला लागलं तर मलाच थोपटायला लागली.

मग मी परवानगी मागितली. आता सगळ्यांपुढे सांगू का? तुमचं नाव, जात, अंगावर पाजलेली लेकरं, सगळं बाहेर येईल. ती म्हणाली, "बनाले विचाराव लागलं असतं. पन बना असती तर तिनंच सांगतलं असतं, तिच्या पोटात काई राहत नवतं. आता कोन्ता मुकादम येते मले पकडाले? सांग."

गणेश मला फाट्यापर्यंत सोडायला आला.  बस आली तेव्हा म्हणाला, "ताई, बनामायच्या घरचं कोनी हाय का अजून? मले भेटाव लागते." मी प्रतीक्षाचा नंबर दिला. हा माणूस महिनाभर आतल्या आत हेच घोळवत होता.

६ फेब्रुवारी

धीर करून प्रतीक्षाच्या घरी गेले आणि सांगितलं. तयारी ठेवली होती, ती रडेल, दार लावून घेईल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, मी बाळंतपणाच्या वॉर्डात ड्यूटी करतो. दुसऱ्या दिवशी बाई बाथरूमपर्यंत चालली तरी आमाले टेन्शन येते. ते मले कधीच पटलं नवतं. पन तुमी एवढ्या मोठ्या डॉक्टर, तुमच्यापुढं कोन बोलन?"

म्हणजे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. एक मीच शिकलेली निघाले.

मग हळूच म्हणाली की खरं सांगू का, आजीची भीती वाटायची. सुटी घेताना आजी फोटोतून बघते असं वाटायचं. आता बरं वाटून राह्यलं. गणेशचा फोन तिला आला होता. 'तुमचा काका बोलून राह्यलो' म्हणाला म्हणे.

१२ फेब्रुवारी

ऋत्विकला लांबलचक पत्र लिहिलं. प्रकरण नव्याने लिहावं लागेल, मार्चमध्ये छापता येणार नाही, आणि तुम्ही विचारलेली शंका बरोबर होती, मी उगाच चिडले. त्याचं तासाभरात उत्तर. पावसाळ्यापर्यंत थांबू. खाली लिहिलं होतं, मला खरंच वऱ्हाडी शिकायची आहे. मोठा गुणी पोरगा आहे, मी त्याला फार बोलते.

प्राचार्यांना मात्र पटलं नाही. पुस्तकात काय ते लिहा, आठ मार्चला नको, म्हणाले. कार्यक्रम गौरवाचा आहे, पाहुणे येणार. मी बघते म्हणाले. बघते म्हणजे काय, मलाही माहीत नाही. भीती वाटते.

१६ फेब्रुवारी

रात्रंदिवस पुष्पांजलीचा विचार मनात. आज तिच्या घरी गेले. तिचा मुलगा आता तेरा वर्षांचा, आतल्या खोलीत अभ्यास करत होता. मी म्हणाले, तू एकविसाव्या दिवशी वर्गावर आलीस, ते मी करायला लावलं. ज्या गोष्टीच्या जोरावर लावलं ती खोटी होती. कामगारांचा इतिहास लिहिणारी मी, माझ्या विभागातली कामगार मला दिसली नाही.

ती बराच वेळ साडीचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तेव्हा दूध वर्गातच वाहायचं. जाड शाल घेऊन शिकवायची मी, एप्रिलमध्ये. मले बनाबाईचा लय राग येत होता. तिच्या फोटोपुढून जाताना मी वर पाहत नसे."

मी माफ कर म्हणाले. तिनं माफ केलं असं काही म्हणाली नाही. पण उठून चहा केला, आणि साखर न विचारता अर्धा चमचा घातली. मी किती घेते हे तिला अजून आठवतं. एवढंही फार आहे माझ्यासाठी.

८ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सभागृह भरलेलं. गणेशनं वच्छलाबाईला आपल्या गाडीतून आणलं होतं आणि पहिल्या रांगेत प्रतीक्षाशेजारी बसवलं होतं. महामाया नवी साडी नेसून मंचावर, हात मांडीवर घट्ट. मला पाच मिनिटं बोलायला दिली होती. प्राचार्यांनी खुणेनं विचारलं, ते नाही ना काढणार? मी माइककडे गेले.

मग बोलले. मस्टर, कॅसेट चौदा, मी घुसडलेला 'आणि'. बनाबाई नावाची एक बाई एकोणीस हंगाम न चुकता आली हे मी जगाला सांगितलं, ते चूक आहे. त्या नावात दोघी होत्या. नऊ बाळंतपणं झाली आणि प्रत्येक वेळी बाळंतीण घरी झोपून होती, कारण तिची मैत्रीण तिच्या नावानं राबत होती. या दोघींची कमाल खाडा न करण्यात नव्हती. एकीला खाडा करता यावा म्हणून दुसरी जात होती. आणि मी त्याचं उलटं करून तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं. पुरस्काराचे नियम मी लिहिले होते, ते मी मागे घेते. महामायाताईंचा सत्कार होऊ दे, तो त्यांच्या कामाचा आहे, पण प्लॅस्टर घालून यायला लावलं त्याची माफी मी मागते.

टाळ्या वाजल्या नाहीत.  मागच्या बाजूला कोणी खुर्ची सरकवली तेवढाच आवाज. वाटलं, झालं, एकतीस वर्षं पाण्यात.

तेवढ्यात वच्छलाबाई उठली. बोलायचं नव्हतं तिला, बनाला पाहायचं होतं. प्रतीक्षानं धरून तिला भिंतीवरच्या फोटोपाशी नेलं. १९६४ सालच्या जिनातल्या गटाच्या फोटोतून मी तो मोठा करून घेतला होता. मागे मुनिमाच्या अक्षरात नावं होती, डावीकडून तिसरी बनाबाई. अर्धा चेहरा पदरात. बनाबाईचा दुसरा फोटो घरी नव्हता, आणि तिला पाहिलेलं घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तोच मानला.

म्हातारीनं फोटोला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. मग सभागृहाकडे वळून म्हणाली, "हे तं मी हाव."

कोणाला कळेना. ती परत म्हणाली, "मी हाव हे. त्या रोजी मी बना होती." मग हाराकडे बोट करून, "अन् हे काय वो, जित्या मानसाले हार घालून ठेवला?"

आधी कोण हसलं माहीत नाही. मला वाटतं पुष्पांजली. मग सगळं सभागृह हसलं, प्राचार्यही. चंद्रशेखर पुढे झाले आणि त्यांनी खुर्चीवर चढून हार काढून आणला.

हसणं थांबल्यावर मला प्रतीक्षाची आठवण झाली. पोरीचा आजीचा एकुलता एक फोटो आम्ही सगळ्यांनी हसत हसत काढून घेतला होता. ती फोटोकडे बघत उभी होती. वच्छलाबाईनं तिच्या गालाला हात लावला. "फोटोवाला आला त्या रोजी बना घरी होती. तुह्या बापाले ताप होता. गनेश बी तिच्याचपाशी होता."

मी विचारलं, प्रतीक्षा, फोटो उतरवायचा का? काय करायचं ते तू सांग.

ती म्हणाली, "राहू द्या. तोंड यांचं हाय, नाव आजीचं. दोघी आल्या ना." आणि मग मात्र रडली. गणेश तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, अवघडलेला, हातातली टोपी फिरवत.

फोटोखालच्या पाटीवर उद्या दोन नावं लिहायला सांगितली आहेत. ज्यांनी मला सांगितलं, समजावलं, चुकू दिलं आणि तरी घरात घेतलं, त्यांची यादी मी मनात करत होते तर संपेचना. याला कर्ज नाही म्हणणार, कर्ज फेडायचं असतं. हे नुसतं मिळालेलं आहे.

१० मार्च

सोमवार. नवीन प्रकरणासाठी दोन संदर्भ हवे होते म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. खिडकीत महामायाच्या जागी पुष्पांजली बसलेली, पुस्तकांवर शिक्के मारत. मुलं रांगेत. मला पाहून म्हणाली, "आज महामायाचा खाडा आहे."

 आजारी आहे का? परवाचं मनाला लावून घेतलं का? पाय दुखतो का?

पुष्पांजलीनं फोन लावून माझ्या हातात दिला. मी घाबरत विचारलं, महामायाताई, काय झालं, बरं नाही का?

"नाई मॅडम, बरं हाय," ती म्हणाली. आवाज जड होता. "झोपली होती."